सर्जाची पाठ टेकली का?

"हे घे, तुझ्या भैरूची वरात परत आली!" असं म्हणत अण्णासाहेबांनी सुतळीनं बांधलेला गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. शाईची दौत उडाली आणि अर्धवट काढलेल्या भैरूच्या छातीवर काळा डाग पडला.

अण्णासाहेब आमच्या प्रेसचे मालक. सांगलीत हळदीच्या पेठेमागं आमचा प्रेस होता. लग्नपत्रिका, कारखान्यांचे अहवाल, हळदीच्या पुड्यांची लेबलं, गावोगावच्या कुस्ती मैदानांची पोस्टरं, हे आमचं रोजचं काम. आणि त्या सगळ्यात महिन्याला एक चित्रकथेचं पुस्तक निघायचं, 'वज्रदेही भैरू'. गोष्ट माझी, चित्रं माझी, संवादांच्या फुग्यातली अक्षरंही माझीच. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. गावात टीव्ही नव्हता. पोरांना आमच्याशिवाय कोण होतं? तरीही गठ्ठे परत येत होते. न खपलेले अंक एजंट परत पाठवतो, त्याला आमच्या धंद्यात रिटर्न म्हणतात.

"कराड, इस्लामपूर, सातारा. सगळीकडून रिटर्न," अण्णासाहेब म्हणाले. "पोरं भैरूला कंटाळली, मास्तर."

मला मास्तर म्हणायचे, कारण मी आधी साताऱ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. पेन्शनीची नोकरी सोडून इथं आलो होतो. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी मी पळून आलेला शिपाई.

"भैरूला नाही कंटाळली, अण्णा."

"मग कुणाला? मला? एक अंक देतो तुला. तोही परत आला तर भैरू बंद. मग बस लेबलं काढत. हळकुंडाला निदान गोष्ट लागत नाही."

भैरू माझा होता हो! वीज अंगावर पडून वीस हत्तींचं बळ आलेला खेड्यातला पैलवान. त्याची एकेक शीर मी जीव ओतून काढली होती. त्याच्या जागी मी उभं आयुष्य हळकुंडं काढायची?

खोट कुठं आहे हे मनातून मला ठाऊक होतं. खोट खलनायकात होती. त्याचं नाव डॉक्टर हालाहल. टक्कल, काळा गॉगल, खंडाळ्याच्या घाटात गुहा, गुहेत प्रयोगशाळा. दर महिन्याला तो एक यंत्र करायचा, भैरू ते एका बुक्कीत फोडायचा, आणि डॉक्टर 'हा हा हा, पुन्हा भेटू' म्हणत धूम ठोकायचा. आता पराभव झालेला माणूस हसतो कशाला, हे मला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

मी त्याला आणखी दुष्ट करायला घेतलं. अण्णासाहेब म्हणाले, शिंगं काढ. काढली. म्हणाले, दात बाहेर काढ. काढले. आमचा मशिनमन दस्तगीर माधवनगरचा, बाप गिरणीत आणि हा आमच्या छपाईच्या यंत्रावर. कुस्तीचा नादखुळा माणूस. त्यानं चित्र बघितलं आणि मान डोलावली.

"मास्तर, झ्याक झालंय. निस्ती झूल टाकायची ऱ्हायलीया. बेंदराचा बैल दिसतोय."

झालं! फाडून टाकलं ते चित्र आणि सकाळच्या एसटीनं थेट सातारा गाठलं. म्हटलं, बघू तरी पोरं काय करतात आपल्या अंकाचं.

साताऱ्याच्या स्टँडवर आमचा एजंट होता कांबळे. पलटणीतून आलेला, ताठ माणूस, पुस्तकांचा स्टॉल शिस्तीत मांडलेला. मी कोपऱ्यात उभा राहिलो. एक पोरगं आलं, अंक उचलला, शेवटचं पान उघडलं, भैरूचा वर केलेला हात बघितला आणि अंक ठेवून दिला. दुसरं आलं, त्यानंही तेच केलं.

"साब, बगितलंसा?" कांबळे म्हणाला. "भैरू जितला? जितला. मग फुडची पानं कशाला वाचत्याल?"

"आणि तिकडं काय चाललंय?"

स्टँडच्या मागं पोरांचा दंगा चालला होता. चक्क भैरू-भैरू खेळत होती! मला गुदगुल्या झाल्या. जवळ गेलो. सगळीच भैरू. डॉक्टर हालाहल व्हायला एकही तयार नव्हतं, म्हणून त्यांनी विजेच्या खांबाला हालाहल केलं होतं आणि आळीपाळीनं त्याला बुक्क्या मारत होती. मला आधी हसू आलं. मग फार वाईट वाटलं. माझा खलनायक आणि तो खांब, दोघांची किंमत पोरांच्या लेखी सारखीच होती.

परत आलो तो तोंड पाडून. दस्तगीर म्हणाला, "रविवारी पलूसकडं एका जत्रेत मैदान हाय. चला. हलगी कानावर पडली की डोकं हलकं हुतंय."

गेलो. चौफेर माणूस, झाडावर माणूस, मध्ये लाल मातीचा आखाडा. तिथं पंच दोन पैलवानांना शेजारी उभं करतात, अंगापिंडाचा अंदाज घेतात आणि कुस्ती ठरवतात. त्याला जोड लावणं म्हणतात. एका जोडीत एक गडी धिप्पाड आणि दुसरा अगदीच हडकुळा निघाला. पंचांनी हात मिळवले मात्र, सगळं मैदान ओरडायला लागलं, "जोड न्हाई! जोड न्हाई!" टोप्या उडाल्या, खडे पडले. पंचांना ती जोड मोडावी लागली.

मी ताडकन उभा राहिलो. अरे, हेच! माझीही जोडच चुकली होती. वीस हत्तींच्या बळाच्या पैलवानासमोर मी एक चष्मिष्ट म्हातारा उभा केला होता. पोरं बिचारी ओरडत नव्हती एवढंच. अंक परत पाठवत होती.

पण खरी गंमत पुढंच होती. शेवटच्या मोठ्या कुस्तीला दोन गडी आले. काय गडी! एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं. हलगी कडाडली, लोक उभे राहिले, शिट्ट्या सुरू झाल्या. दोघं आखाड्याच्या मध्यावर आले, एकमेकांना बघितलं, आणि दोघांनीही पंचांना हात जोडले. कुस्ती धरणार नाही म्हणाले. पंच त्यांच्याशी दोन शब्द बोलले आणि त्यांनीही मुकाट्यानं जोड मोडली. मघाशी खडे मारणारं मैदान आता चिडीचूप. एक माणूस कुरकुरला नाही.

"काय झालं रे, दस्तगीर? एवढी तोडीस तोड जोड!"

"एकाच तालमीचं निगालं की. पंचास्नी ठावं नव्हतं, त्यातला एक हल्ली म्हैसाळकडं ऱ्हातोय. एका वस्तादाची पोरं मैदानात एकमेकाशी धरत न्हाईत, मास्तर."

"का पण?"

"आवं, एका मातीत लोळल्यालं, एका ताटात जेवल्यालं. एकमेकाचा डाव एकमेकाला पाठ. आन कुणाची बी पाठ मातीला लागली तरी वस्तादाचीच लागली की!"

सगळं मैदान ज्या कुस्तीसाठी तळमळत होतं, ती होणारच नव्हती, कधीच नाही. आणि मला ती बघायची होती. निदान कागदावर तरी!

"दस्तगीर, सापडला!" मी त्याचा दंड धरून ओरडलो.

"कोन? खिसेकापू?"

"खलनायक!"

"हळू बोला की वो. हितं समदं पैलवान बसल्यात."

दुसऱ्या दिवसापासून मी टेबलावरून उठलो नाही. डबा तसाच परत जायचा. नव्या खलनायकाचं नाव ठेवलं सर्जा. भैरूचा गुरुबंधू. वीज पडली त्या दिवशी दोघंही एकाच झाडाखाली होते, म्हणून बळही सारखंच. वस्तादांनी मानाचा फेटा भैरूला बांधला आणि सर्जानं भर तालमीत विचारलं, "माझं काय चुकलं, वस्ताद?" हे वाक्य मी फुग्यात लिहिलं आणि माझा हातच थांबला. कारण त्याचं काही चुकलं नव्हतं. मला उत्तर माहीत नव्हतं, भैरूलाही नव्हतं. डॉक्टर हालाहलनं आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता. तो नुसता ओरडायचा. हा सर्जा हळू बोलायचा आणि मलाच त्याची भीती वाटायची. इतका आनंद मला चित्रं काढताना कधी झाला नव्हता!

अण्णासाहेबांनी पानं चाळली.

"यातला वाईट कोण?"

"हा."

"हा तर भैरूपेक्षा देखणा आहे!"

"आहे."

"आणि करतो काय? जग बुडवतो? धरण फोडतो?"

"तालमीला कुलूप लावतो. म्हणतो, जिथं न्याय नाही तिथं कुणी कुस्तीला घुमायचं नाही. आडवा येईल त्याला उचलून फेकतो."

"बस? एवढंच? अरे, काय बिनभांडवली खलनायक आहे हा!"

पण एक अंक द्यायचं कबूल केलं होतं. कुरकुरत छापला. शेवटच्या पानावर मी भैरूचा वर केलेला हात काढलाच नाही. दोघं लाल मातीत समोरासमोर उभे, हातात हात, सलामी झालेली. अंक तिथंच संपला.

महिना सरत आला तरी एकही गठ्ठा परत आला नाही. कांबळेनं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला, माल पाठवा, पोरं डोकं खात्यात. अण्णासाहेब भडंगाचा पुडा घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं माझ्या टेबलावर ठेवला.

"मास्तर, आता पुढच्या अंकात भैरूनं त्याला अस्मान दाखवायचं. चितपट! पोरं वाट बघतायत."

मीही फुशारलो होतो. काढली कुस्ती. पान-पान भरून डाव. शेवटच्या चौकटीत भैरूनं सर्जाला उताणा पाडलाय, दोन्ही खांदे मातीत, वर मोठा फुगा, त्यात 'चितपट!' चित्रं कोल्हापूरला गेली आणि त्यांचे ब्लॉक होऊन आले. ब्लॉक म्हणजे जस्ताचा पत्रा. आम्लानं तो असा झिजवतात की चित्राच्या रेघा तेवढ्या वर उठून राहतात. त्यांना शाई लागते, त्याच कागदावर उमटतात. कोल्हापूरला परत पाठवायचं तर आठवडा मोडतो.

अंक पाठवायच्या दिवशी सकाळी दस्तगीरनं शेवटचं पान मशीनवर चढवलं, एक प्रूफ काढलं, आणि दारात अंधार झाला. दारात ज्ञानू वस्ताद उभे होते. कान फुटलेले, छाती अजून दरवाजाएवढी, मागं दोन पठ्ठे. पलूसकडच्या तालमींत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्या भागातल्या सगळ्या मैदानांची पोस्टरं त्यांच्याच सांगण्यावरून आमच्याकडं येत. त्यांनी मागचा अंक टेबलावर ठेवला.

"ह्ये कुनाचं काम?"

"यांचं," अण्णासाहेब म्हणाले. एवढ्या चटकन त्यांनी कधी मला श्रेय दिलं नव्हतं.

"एका तालमीची जोड लावलीसा?" वस्ताद माझ्याकडं वळले. "पोरं वाचत्यात ह्ये. उद्या माझीच दोन पोरं मैदानात एकमेकाची मनगटं धरत्याल. मंग मी कुनाच्या पाठीवर हात ठिवू?"

"वस्ताद, गोष्ट आहे ती."

"गोष्ट हाय म्हनून तर आलो. खरं आसतं तर पंचाकडं गेलो आसतो."

तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या ओल्या प्रूफवर गेली. वाकून बघितलं. सर्जाच्या खांद्यांवर बोट ठेवलं. वाटलं, आता टेबल उलटणार. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला. घरातलं कुणी पडल्यासारखा.

"लावली व्हय पाठ?" ते हळू म्हणाले. "पुसा ही."

"पुसता येत नाही, वस्ताद. जस्त आहे."

"मंग छापायचं न्हाई. ह्यो अंक भाईर आला, तर आमच्या मैदानाचं एक पोस्टर ह्या छापखान्यात यायचं न्हाई."

अण्णासाहेबांना घाम फुटला. "अहो, संध्याकाळच्या गाड्यांना गठ्ठे जायचेत! एवढ्यात दुसरं पान कुठून आणू? दस्तगीर, उतरव तो फर्मा मशीनवरून. अंक रद्द. भैरू बंद! मास्तर, गोष्ट इथंच संपली. उद्यापासून लेबलं."

गठ्ठे खपत होते, पोरं वेडी झाली होती, आणि आता बंद? छे! दस्तगीरनं ब्लॉक काढून माझ्या हातात दिला. मी त्या ब्लॉककडं बघत राहिलो. जस्तावर नवी रेघ घालता येत नाही. पण असलेली खरवडता येते! आणि सर्जाच्या पाठीखालची सावली मी गच्च काळी भरली होती.

"वस्ताद, कुस्ती केव्हा झाली म्हणतात?"

"दोन्ही खांदं मातीला टेकलं की."

"आणि तसूभर वर असले तर?"

वस्तादांनी माझ्या हातातला ब्लॉक निरखला. मग म्हणाले, "तर न्हाई झाली."

मी कोरणी घेतली. आधी फुगाच उडवला, 'चितपट' अक्षरांसकट. मग सर्जाच्या खांद्याखालच्या काळ्यात एक बारीक फट कोरायला लागलो. कोरणी जरा घसरली असती तर सर्जाचा दंडच तुटला असता. वस्तादांचा श्वास माझ्या मानेवर. पठ्ठे वाकलेले. अण्णासाहेब तोंडात भडंग धरून उभे, चावायचं विसरलेले.

"डावा ऱ्हायला," वस्ताद म्हणाले.

"ब्लॉकवर चित्र उलटं असतं, वस्ताद. तो उजवा आहे."

"आसू दे. टेकलाय न्हवं? उचला त्यो!"

उचलला. दस्तगीरनं ब्लॉक परत आवळला, शाई दिली, प्रूफ ओढलं. वस्तादांनी तो ओला कागद दोन्ही हातांत धरून दारातल्या उजेडात नेला. सर्जा उताणा खरा, भैरू छातीवर खरा, पण पाठ आणि माती यांच्यामध्ये केसाएवढा पांढरा उजेड होता.

"न्हाई टेकली," वस्ताद म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण सुटका झाल्यासारखा दिसला. "बरोबरीत सोडा. आन ह्याच्या फुडं बी कुनाची लावायची न्हाई. ना ह्याची, ना त्याची."

"कबूल!" मी ओरडलो. अण्णासाहेबांना विचारलंसुद्धा नाही.

"मशीन चालू!" अण्णासाहेब माझ्याहून मोठ्यांदा ओरडले.

पुढं जे झालं ते काय सांगू! टेकली का न्हाई टेकली? तालमीत तोच वाद, शाळेत तोच वाद. भिंगं लावून पान बघायचे लोक. माझे वडील गावाहून आले, माझी ख्यालीखुशाली विचारली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "टेकली नाही. मी बॅटरीच्या उजेडात बघितलंय." मी साताऱ्याला गेलो तेव्हा स्टँडमागं पोरांची मारामारी जुंपलेली. मला वाटलं, भैरू कुणी व्हायचं यावरून. छे हो! सर्जा कुणी व्हायचं यावरून. मी कांबळेला मिठीच मारली. तो ताठच उभा राहिला.

त्या दिवसानंतर सर्जा आणि भैरू कितीदा भिडले याला गणती नाही. कधी पूर आला, कधी त्यांचे वस्ताद मध्ये पडले, कधी सर्जानंच पकड सोडली. भैरूला हरवायचे सगळे डाव त्याच्याकडं होते, आणि भैरूकडं त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. दर महिन्याला कुस्ती अर्धवट सोडवायची नवी युक्ती शोधताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण गठ्ठे परत आले नाहीत.

एका दुपारी ज्ञानू वस्ताद पुन्हा आले. या खेपेला एकटेच. दस्तगीरनं चहा आणला. त्यांनी चहा बशीत ओतला.

"मास्तर, एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा की."

"तुमच्या मनात त्या दोघांत भारी कोन?"

"खरं सांगू, वस्ताद? मलाही माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आमच्या तालमीत माझ्या जोडीला एक गडी हुता. तात्या. माझ्या आंगाएवढाच. सकाळ-सांज संगं जोर मारलं, पर मैदानात कवा धरली न्हाई. धरायची नसतीया. जलमभर त्याचं नाव निगालं की म्या म्हनायचो, त्याला काय, एका हातानं पाडीन. त्यो बी तिकडं तसंच म्हनायचा." त्यांनी बशी खाली ठेवली. "गेल्या आठवड्यात गेला त्यो. आता कवाच कळायचं न्हाई. दुश्मन म्हना, भाऊ म्हना, माझं वजन ठावं आसल्याला एकच मानूस हुता, मास्तर."

दस्तगीर मशीनपाशी पाठ करून उभा राहिला. वस्तादांनी फेटा सारखा केला, नवा अंक उचलून बंडीच्या खिशात घातला आणि गेले.

आता नवी पोरं मला विचारतात, काका, खलनायक जबरदस्त कसा करायचा? ते संगणकावर काढतात. त्यांच्या खलनायकांना मी म्हणेन तेवढी शिंगं आहेत, पंख आहेत, डोळ्यांतून आग निघते. मी त्यांना एकच विचारतो. उद्या तुमच्या नायकानं याला मारला, तर परवा सकाळी नायकाला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल का? बहुतेक जण म्हणतात, नाही, सुटला एकदाचा. मग मी सांगतो, बाळा, हा खांब आहे. जोड लाव.